आई-बाबा रात्री अचानक भांबावले, बरळायला लागले तर काय करायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या सासूबाईंचं असंच भांबावण्याचं आजारपण झाल्यापासून इथल्या, म्हणजे ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या ओळखीच्या मराठी घरांतून मला फोन येतात, आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. मी डॉक्टर नाही, पण डॉक्टरांना विचारून विचारून आणि वॉर्डात बसून जे समजलं ते एकदा नीट लिहून ठेवतेय. औषधांचे डोस इथे शोधू नका, ते तुमच्या डॉक्टरांचं काम.

संध्याकाळी आई अगदी नॉर्मल होती, रात्री दोनला उठून पिशवी भरायला लागली, "झाशीची गाडी चुकेल" म्हणते. ८१ वर्षांची आहे. वयामुळेच असेल ना?

नाही हो. वय काय जेवणानंतर आणि झोपेच्या मधे वाढतं का? विसरणं वयामुळे हळूहळू वाढू शकतं, पण काल बरा असलेला माणूस आज भलतंच बोलतोय, तर शरीरात काहीतरी बिघडलंय आणि त्याचा धक्का मेंदूला बसलाय असं धरून चालायचं. डॉक्टर याला डिलिरियम म्हणतात, आपल्याकडच्या जुन्या बायका "वात झालाय, बरळतोय" म्हणायच्या. खूण म्हणजे हे तासांत किंवा एक-दोन दिवसांत सुरू होतं, दिवसभरात कमी-जास्त होतं (सकाळी डॉक्टरसमोर एकदम शहाण्यासारखं बोलतात आणि आपण खोटे पडतो!) आणि लक्ष एका जागी टिकत नाही.

लक्ष बघायला सोपी गोष्ट, वार उलटे म्हणायला सांगा, रविवार, शनिवार, शुक्रवार असे. रोज म्हणतात ती स्तोत्रं किंवा पाढे म्हणायला लावू नका, ते पाठ असतं त्यामुळे भ्रमातसुद्धा धडाधड म्हणतात आणि घरचे म्हणतात बघा, डोकं तर ठीक आहे.

त्या क्षणी, म्हणजे रात्री दोनला, आधी काय करायचं?

आधी लाइट लावा, आणि स्वतः ओरडू नका. चष्मा, कानाचं मशीन लावून द्या, निम्मा गोंधळ तर न दिसल्यामुळे न ऐकू आल्यामुळे वाढतो. समोर बसून एकाच माणसानं बोलायचं, "आई, मी सुधा, आपण घरी आहोत, रात्र आहे." सगळं घर पलंगाभोवती गोळा झालं की त्यांना वाटतं आपल्याला धरायला आलेत.

मग घरात जी मशीनं आहेत ती काढा. डायबिटीस असेल तर सगळ्यात आधी शुगर, कारण ७० च्या खाली गेलेली शुगर माणसाला पार वेडंवाकडं बोलायला लावते आणि हे असं कारण आहे जे घरातच मिनिटांत सुधारता येतं. शुद्धीत असतील, नीट गिळता येत असेल तर तीन-चार चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात, पंधरा मिनिटांनी परत तपासायचं, मग काहीतरी खायला. पण ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड अशा गोळ्या चालू असतील तर शुगर वर आली म्हणून झोपून जाऊ नका, या गोळ्यांचा असर लांबतो आणि पहाटे ती परत पडते, डॉक्टरला फोन करायचाच. गुंगीत असतील तर तोंडात काही म्हणजे काही घालायचं नाही.

नंतर ताप, बीपी, ऑक्सिजन. ऑक्सिजन ९४ च्या खाली असेल तर डॉक्टरला फोन, ९० च्या खाली असेल तर फोनाफोनी सोडून हॉस्पिटल (दम्याच्या किंवा फुप्फुसाच्या जुन्या पेशंटचा नेहमीचा आकडा कमी असू शकतो, तो आधीच विचारून ठेवा). शेवटची लघवी कधी झाली ते विचारा आणि बेंबीखाली हात ठेवून पोट टणक फुगलेलं लागतंय का बघा.

सकाळपर्यंत थांबलं तर चालेल का? रात्री कुठे नेणार.

तोंड एका बाजूला ओढलंय, एक हात किंवा पाय उचलत नाही, जीभ जड झालीय, तर थांबायचं नाही. स्ट्रोक असेल तर गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं आणि घड्याळ मोजतात ते माणूस शेवटचा बरा कधी दिसला तिथपासून, तुम्हाला जाग कधी आली तिथपासून नाही. म्हणून "दहा वाजता दूध पिऊन झोपल्या, तेव्हा ठीक होत्या" हे वाक्य लक्षात ठेवून सांगा.

तसंच उठवलं तरी उठत नाहीत, श्वास लागतोय, छातीत दुखतंय, फिट आली, खूप ताप आहे, गेल्या काही आठवड्यांत डोक्यावर पडले होते, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, यातलं काहीही असेल तर १०८ लावा नाहीतर सरळ गाडी काढा. जेएएचची (जयारोग्य, ग्वाल्हेरचं सरकारी हॉस्पिटल) इमर्जन्सी रात्रभर चालू असते, जवळ चांगलं प्रायव्हेट असेल तर तिथे, पण आधी फोन करून सीटी स्कॅन रात्री होतो का विचारा, नाहीतर तिथून परत दुसरीकडे पाठवतात आणि वेळ जातो.

यातलं काहीच नसेल, बोलणं भरकटलंय पण जागे आहेत, श्वास नीट आहे, तर फॅमिली डॉक्टरला रात्रीच फोन करून त्यांच्या सांगण्याप्रमाणे सकाळपर्यंत थांबता येईल, पण जवळ जागं बसून. आणि सकाळी बऱ्या वाटल्या म्हणून डॉक्टर कॅन्सल करायचा नाही. माझा सगळ्यात जास्त वाद इथेच होतो लोकांशी.

पण झालं कशामुळे? ताप नाही, खोकला नाही.

म्हाताऱ्या माणसांना इन्फेक्शन असून ताप येतोच असं नाही. न्यूमोनियासुद्धा कधीकधी फक्त "जेवत नाहीत आणि काहीतरीच बोलतात" एवढ्यावरच दिसतो. नेहमीचे चोर सांगते.

लघवीचं इन्फेक्शन, हे सगळ्यांना माहीत. पण एक गंमत आहे, बऱ्याच वयस्कर बायकांच्या लघवीत काही त्रास नसतानाही जंतू सापडतात, त्यामुळे रिपोर्ट पॉझिटिव्ह आला म्हणजे कारण सापडलंच असं नाही, बाकीचं शोधणं सोडू नका.

सोडियम कमी होणं, हे आपल्याकडे फार दिसतं. नॉर्मल १३५ ते १४५. बीपीच्या काही गोळ्यांत हायड्रोक्लोरोथायझाइड किंवा क्लोरथॅलिडोन असतं, त्यानं सोडियम उतरू शकतं, डिप्रेशनच्या काही गोळ्यांनीही. वर उलट्या-जुलाब झाले की संपलंच. घरी मीठपाणी पाजून हे सुधारायला जाऊ नका, सोडियम घाईनं वर आणलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते, ते हॉस्पिटलमधे मोजून मोजून वाढवतात.

औषधं. मेडिकलवाल्या भैयाकडून आणलेली सर्दीची गोळी! त्यात बऱ्याचदा क्लोरफेनिरामिन असतं, तरुण माणसाला फक्त झोप येते, ऐंशीच्या माणसाला भ्रम होऊ शकतो, आणि प्रोस्टेटवाल्या आजोबांची लघवीच अडकते, मग तुंबलेल्या लघवीनं अजून भ्रम. खाजेच्या, उलटीच्या काही गोळ्या, ॲमिट्रिप्टिलिन, ट्रामाडॉल, झोपेच्या गोळ्या, सगळे याच यादीत. उलटही होतं, वर्षानुवर्षं घेतलेली झोपेची गोळी एकदम बंद केली तरी. गेल्या पंधरा दिवसांत काय नवीन सुरू झालं, काय बंद झालं, हा प्रश्न डॉक्टरनी विचारला नाही तर तुम्ही स्वतःहून सांगा.

पोट साफ नसणं. हसू नका, चार-पाच दिवस संडास नाही एवढ्या कारणानं भांबावलेली माणसं मी बघितलीत.

आणि ज्याबद्दल घरात कोणी बोलत नाही, काका रोज रात्री "थोडी" घेत असतात, पाय मोडून ॲडमिट झाले, दारू बंद झाली, दोन-तीन दिवसांनी हात कापायला लागले आणि भिंतीवर किडे दिसायला लागले. लाज सोडून पहिल्याच दिवशी डॉक्टरला सांगा, याचा उपाय वेगळा आहे आणि न सांगितलं तर जिवावर बेततं.

याशिवाय शरीरातलं पाणी कमी होणं, दुखणं, किडनी-लिव्हरचा त्रास, थायरॉइड, छातीत न दुखता आलेला हार्ट ॲटॅक. बहुतेक वेळा एक कारण नसतंच, दोन-तीन मिळून खेळ करतात.

जानेवारीत हे जास्त का होतं?

ग्वाल्हेरची थंडी तुम्हाला मी काय सांगू. धुकं उतरलं की म्हातारी माणसं रात्री उठायला लागू नये म्हणून संध्याकाळपासून पाणीच पीत नाहीत, मग लघवीचं इन्फेक्शन आणि बद्धकोष्ठ दोन्ही. वर सर्दीच्या गोळ्या.

पण खरी भीती कोळशाच्या शेगडीची. जुन्या वाड्यातली बंद खोली, दाराच्या फटीत गोणपाट, आत शेगडी, आणि सकाळी आजी उठत नाहीत किंवा डोकं दुखतंय म्हणत भलतंच बोलतात. हा कार्बन मोनॉक्साइड. त्याला वास नसतो आणि बोटावरचं ऑक्सिमीटर यात साफ फसवतं, ९८ दाखवतं, कारण त्या मशीनला ऑक्सिजन आणि या गॅसमधला फरकच कळत नाही. दारं-खिडक्या उघडा, माणसाला बाहेर काढा, हॉस्पिटलमधे शेगडीचं आवर्जून सांगा. घरातल्या अजून कोणाचं डोकं दुखत असेल, मळमळत असेल तर पक्कंच समजा. बाथरूममधल्या गॅस गीझरचंही तेच.

आणि अंग फार गार पडलं, ९५ फॅरनहाइटच्या खाली, तरी माणूस भांबावतो. साधं थर्मामीटर त्याच्या खाली नीट दाखवतही नाही, हात पोटावर ठेवून बघा. पोट गार लागलं तर कोरड्या रजईत गुंडाळा आणि हॉस्पिटल, गरम पाण्याच्या पिशव्यांनी भाजू नका.

आणि मे महिन्यात?

लू, म्हणजे उष्माघात. ताप १०४ च्या आसपास आणि बोलणं बिघडलेलं म्हणजे सरळ इमर्जन्सी, निघेपर्यंत आणि रस्त्यात ओलं कापड आणि पंखा. लाइट गेली की कूलर बंद, आणि दुपारी तापलेल्या माडीवरच्या खोलीत रात्रीसुद्धा उकळत असतं, त्यांना खालच्या खोलीत झोपवा.

घरात झोपेची गोळी आहे, अर्धी देऊन टाकू का? आम्हालाही झोप नाही.

तुमचं समजतं, पण नको. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम या जातीच्या गोळ्यांनी असा भ्रम सहसा वाढतो, वर तोल जाऊन पडतात, आणि गुंगीत आजार झाकला जातो. (दारू किंवा झोपेची गोळी अचानक सुटल्यामुळे झालेला भ्रम हा अपवाद, तो डॉक्टर बघतील.) स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करतील इतके भडकले तर डॉक्टर कधीकधी हॅलोपेरिडॉलसारखं औषध अगदी थोडं देतात, पण पार्किन्सन असेल तर ते आधी ओरडून सांगा, त्या पेशंटना ते औषध फार बाधतं.

आमचे बाबा तर काहीच दंगा करत नाहीत, उलट दोन दिवस शांत पडून आहेत.

हे मला जास्त भीतीचं वाटतं. डिलिरियम नेहमी आरडाओरडा करत येत नाही, एक प्रकार गप्प बसणारा असतो, माणूस सुस्त, अर्धवट झोपेत, विचारलं तर "हूं". घरचे म्हणतात चला, आराम करतायत. त्यांना डॉक्टरकडे न्यायला उशीर होतो तो याच समजुतीमुळे. दोन दिवस झालेत ना, आजच दाखवा.

सासऱ्यांना डिमेन्शिया आहेच, रोज संध्याकाळी थोडे अस्वस्थ होतात. मग नवीन काय ते कसं ओळखायचं?

रोज दिवेलागणीला सुरू होणारी ठरलेली चुळबूळ ही त्या आजाराचीच असते. पण रोजच्यापेक्षा अचानक वेगळं, म्हणजे आजच माणसं ओळखेनात, दिवसासुद्धा झोपून, जेवण बंद, चालणं बंद, तर त्यावर डिलिरियम चढलाय समजा. डिमेन्शियावाल्यांना तो लवकर होतो. "त्यांना तर आहेच" म्हणून सोडून देणं सोपं जातं, डॉक्टरही कधी कधी सोडतात, तेव्हा "परवापर्यंत स्वतः जेवत होते" असा ठोस फरक सांगा.

आईला खोलीत लहान मुलं दिसतात. शेजारच्या काकू म्हणतात बाहेरचं आहे, उतरवून घ्या.

नजर काढून मनाला बरं वाटत असेल तर मीठ-मोहऱ्या ओवाळा, माझी काही हरकत नाही, पण ती ओवाळून झाली की लगेच डॉक्टर. उपास, धूर, कसलीतरी पूड खायला घालणं हे मात्र अजिबात नको.

दोन गोष्टी वेगळ्या करा. भ्रमात दिसणारं त्यांना खरं वाटतं, त्या घाबरतात. पण काचबिंदूनं किंवा पडद्याच्या आजारानं नजर खूप गेलेल्या माणसांना, डोकं पूर्ण ठिकाणावर असताना, माणसं, मुलं, नक्षी दिसू शकते आणि त्यांना माहीतही असतं की हे खरं नाही. शार्ल बोने नावाच्या स्विस माणसानं १७६० मधे स्वतःच्या आजोबांचं असं दिसणं लिहून ठेवलं, त्याच्याच नावानं ते ओळखलं जातं. वेड लागलं म्हणतील म्हणून बऱ्याच आज्या हे सांगतच नाहीत. आणि बरेच दिवस माणसं दिसतायत, सोबत हालचाल मंद, हात कडक, झोपेत हातपाय झाडणं, तर न्यूरॉलॉजिस्टला दाखवा.

बाबा जाऊन सहा वर्षं झाली, आई म्हणते "त्यांना जेवायला वाढ". खरं सांगायचं का?

प्रत्येक वेळी "बाबा गेले" सांगितलंत तर ती प्रत्येक वेळी नव्यानं रडेल, आणि दहा मिनिटांनी परत विचारेल. खोटं नाटकही नको, ताट वाढून ठेवायची गरज नाही. "बाबांची आठवण येतेय का गं" म्हणा, हात हातात घ्या, विषय हळूच वळवा. "चोर शिरलेत" म्हणाल्या तर वाद नको, "मी बघून आले, दार लावलंय, मी इथेच आहे." रात्री तीनला वाद जिंकून काय मिळणार आहे.

ॲडमिट केल्यावर तर जास्तच बिघडलं. हॉस्पिटल बदलावं का?

बदलायची घाई नको, हे होतं. ऑपरेशननंतर, विशेषतः खुब्याचं हाड मोडल्यावर आणि आयसीयूत, फार होतं. खिडकी नाही, रात्रभर ट्यूबलाइट, मशीनची पीपी, नळ्या, अनोळखी चेहरे.

यावर औषधापेक्षा साध्या गोष्टी चालतात. शॅरन इनूये या डॉक्टरांनी अमेरिकेत येल इथे ७० वर्षांवरच्या ८५२ पेशंटवर हे करून बघितलं, १९९९ मधे छापून आलं. वेळ-जागा पुन्हा पुन्हा सांगणं, चालवणं, चष्मा आणि कानाचं मशीन, पाणी पाजणं, रात्री झोपू देणं, बस एवढंच, तर नेहमीच्या वॉर्डात १५ टक्के लोकांना भ्रम झाला आणि इथे ९.९ टक्क्यांना. तिथे त्यासाठी माणसं नेमली होती, आपल्याकडे ते काम नातेवाइकांचं.

म्हणून घरचं एकच ठरलेलं माणूस रात्री जवळ ठेवा, दर रात्री नवा भाचा नको. कवळी, चष्मा, घड्याळ, घरची शाल न्या. लघवीची नळी आज खरंच लागते का, रोज विचारा, नको असलेली नळी ओढून काढायच्या नादातच निम्मी झटापट होते. हात बांधायला हो म्हणू नका, मी बसते जवळ असं सांगा.

आणि आपल्या गावातली खास अडचण. ऐंशीच्या आजी आयुष्यभर भाजीवाल्याशी, शेजाऱ्यांशी फर्डं हिंदी बोललेल्या असतात, पण भ्रमात बऱ्याचदा फक्त मराठीच निघतं. सिस्टरला वाटतं कुछ भी बड़बड़ा रही हैं, आणि त्या बिचाऱ्या लघवीला जायचंय म्हणून सांगत असतात. उशाशी एक चिठ्ठी लावून ठेवा, पाणी, लघवी, दुखतंय, थंडी वाजते, हे शब्द आणि समोर त्यांचं हिंदी. सिस्टर लोक खरंच वापरतात, मी बघितलंय.

टेस्ट कोणत्या सांगतात?

शुगर, सोडियम-पोटॅशियम, किडनी, लिव्हर, रक्ताचा सीबीसी, लघवी, ईसीजी, छातीचा एक्सरे, गरज वाटली तर डोक्याचा सीटी, थायरॉइड, बी १२. सगळ्यांना सगळ्या लागत नाहीत. पडल्यानंतर काही आठवड्यांनी भ्रम झाला तर सीटीचं मात्र स्वतःहून विचारा, कवटीच्या आत रक्त हळूहळू साठत असू शकतं आणि बाहेरून टेंगूळसुद्धा दिसत नाही.

पूर्ण बरं व्हायला किती दिवस?

कारण सापडून उपचार सुरू झाले की कोणी दोन-चार दिवसांत, कोणी आठवडे, आणि काहींना महिने. इन्फेक्शन गेलं तरी डोकं मागून येतं, त्यामुळे रिपोर्ट नॉर्मल आला आणि आई अजून घोळ करतेय म्हणून निराश होऊ नका. काही जण आधीच्या पातळीवर पूर्ण येत नाहीत हेही खरं, आणि ज्यांना एकदा झालं त्यांना पुढे परत भ्रम आणि डिमेन्शिया दोन्हीची शक्यता जास्त असते, म्हणून दोन-तीन महिन्यांनी स्मरणशक्ती एकदा तपासून घ्या. बऱ्याच जणांना त्या रात्री तुकड्या-तुकड्यांनी आठवतात आणि मेल्याहून मेल्यासारखं होतं, "मी सुनेला शिव्या दिल्या का?" विचारतात. आजारात बोललात, सोडा म्हणायचं. आणि सुनेनंही खरंच सोडायचं, हे मी स्वतःला सुद्धा सांगते.

वाड्यात राहतो, संडास चौक ओलांडून. काय बदल करू?

रात्रीपुरतं कमोड-चेअर किंवा यूरिन पॉट पलंगाजवळ, हे पहिलं. चौकात आणि जिन्याच्या तोंडाशी रात्रभर मंद दिवा, लाइट जाते म्हणून बॅटरीवाला. खुंटीवरचे कोट-शाली काढा, अंधारात माणूस उभा वाटतो, पलंगासमोरच्या कपाटाच्या आरशावर चादर टाका. दाराची कडी वर लावा, पण बाहेरून कुलूप घालून कोंडू नका. दिवसा उन्हात बसवा, दुपारची झोप अर्ध्या-पाऊण तासावर आणा, पाणी दुपारपर्यंतच भरपूर पाजा (हार्ट-किडनीवाल्यांनी डॉक्टरला विचारून).

मी पुण्यात, आई-बाबा तिकडे एकटे. फोनवर कसं कळणार?

रोज ठरलेल्या वेळी फोन करा, म्हणजे वेगळेपणा कळेल. तेच वाक्य परत परत, मधेच धागा तुटणं, तुम्ही काय विचारलं तेच विसरणं, किंवा एरवी बोलणाऱ्या आईचं एकदम हो-नाही, तर व्हिडिओ कॉल लावा, उलटे वार विचारा, आणि शेजाऱ्यांना पाठवा. घराची एक किल्ली शेजारी, औषधांच्या चिठ्ठीचा फोटो तुमच्या आणि त्यांच्या फोनमधे.

नंबर आणि पैशाचं?

ॲम्ब्युलन्स १०८. तुमच्याच मनाचा तोल सुटत असेल तर टेलिमानस १४४१६, रात्रीसुद्धा चालू असतं. ज्येष्ठांसाठीची एल्डरलाइन १४५६७, पण ती दिवसाची आहे, रात्री दोनच्या कामाची नाही. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मानचं वर्षाला ५ लाखांपर्यंतचं कार्ड मिळतं, आधार कार्डावर होतं, ते आईबाबा ठणठणीत असतानाच काढून ठेवा, आणि कोणतं हॉस्पिटल ते घेतं ते आत्ताच विचारून घ्या, इमर्जन्सीच्या काउंटरवर नाही.